‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ लोफ टिनच्या नावाखाली काळा रंग दिलेला पत्रा, १,९८७ रुपये गेले

‘गोडाऊन बंद होत आहे, इम्पोर्टेड बेकवेअर’ अशी जाहिरात फोनवर दिसत असेल तर ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा.

मी दोन नॉनस्टिक लोफ टिन, म्हणजे ब्रेड भाजायचे लांबट साचे, मागवले. ९ बाय ५ इंच, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड (प्रक्रियेने पृष्ठभाग कडक केलेलं) अ‍ॅल्युमिनियम, पीएफओए फ्री (पीएफओए हे घातक रसायन नसलेलं), असं लिहिलं होतं. दोन्हींचे मिळून १,७९८ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. सीओडी म्हणजे पैसे सुरक्षित असं आपण सगळेच धरून चालतो, आणि हे लोक त्यावरच जगतात.

पार्सल हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्या दुकानाचं नव्हतं. तिथल्या तिथे परत करायला हवं होतं, हे आठवून अजून संताप होतो. पण डिलिव्हरीवाला म्हणाला, ‘आधी पैसे, मग उघडा.’ बंद खोक्यातला माल कोण कसा ओळखणार?

आत टिनवर ना एमआरपी, ना आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ना कुठल्या देशात बनलं ते. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. स्टिकर नसेल तर वापरूच नका, लगेच फोटो काढा. आतून मापलं तर साडेसात बाय साडेतीन. फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टक्कन चिकटलं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही! निव्वळ पत्रा होता तो.

२०० अंशांवर गव्हाचा ब्रेड लावला तर घरभर ऑइलपेंटचा वास. खरं पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिकचं कोटिंग, साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतं, २०० ला असा वास मारत नाही. ब्रेडच्या बुडाला काळे पापुद्रे चिकटले होते, अख्खा लोफ फेकला. दुमडलेल्या कोपऱ्यांत गंजही धरला.

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही तारेची घासणी वापरली असेल.’ मी नॉनस्टिक भांडं मऊ स्पंजने धुते, लगेच पुसते, सुरी कधीच लावत नाही. मला काळजी घ्यायला शिकवतात! वर परतीच्या कुरिअरचे म्हणून १८९ रुपये मागितले. तेही पाठवले, कारण १,७९८ परत मिळणार होते. मग नंबर ब्लॉक. रिफंडसाठी आधी पैसे मागितले की तिथेच थांबा.

पोलीस चौकीत म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना? मग ग्राहक आयोगात जा.’ आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, पण तक्रारीत समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता कुरिअर कंपनीकडे. त्यांचं एकच पालुपद, ‘सेलरची माहिती देता येत नाही.’ अहो, माझ्या दारात पैसे तुम्ही घेतलेत, ते कुणाच्या तरी खात्यात तुम्हीच भरलेत ना? मग नाव सांगायला काय होतं? पुन्हा चौकीत गेले, तर लेखी अर्जावर पोच द्यायलाही तयार नाहीत. दोन हजारांसाठी कशाला फिरता म्हणे. असे दोन-दोन हजार किती घरांतून गेले असतील, ते कोण मोजणार?

पार्सल उघडताना व्हिडिओ करा. पोच मागूनच घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. टिन घ्यायचाच तर पुण्याच्या बोहरी आळीसारख्या बाजारात जाऊन हातात घेऊन बघा, खिशात चुंबक न्या आणि पक्कं बिल मागा.

तीच जाहिरात आता नव्या नावाने सुरू आहे. फोटो तेच, भाव ८४९ रुपये एक.