मूठ भारी की तलवार: आठ महिने खेळल्यानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या २०२४ च्या नियमांनी आम्ही आठ महिने दर आठवड्याला खेळतोय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, समोर चौघं. त्यात एक मंक (रिकाम्या हातांनी लढणारा) आणि एक ग्रेटसोर्डवाला (दोन हातांची मोठी तलवार) फायटर, त्यामुळे मूठ भारी की तलवार हा वाद पहिल्या सेशनपासूनच सुरू झाला.

आधी आकडे. मंकच्या मुठीचा फासा आता पहिल्या लेव्हलला डी६ (सहा बाजूंचा), पाचव्या लेव्हलला डी८ आहे. २०१४ मध्ये तो डी४ आणि डी६ होता. पाचव्या लेव्हलला दोघांनाही दर वाराच्या फाशावर +४ धरलं, तर फायटरच्या दोन्ही वारांचे सरासरी २२ होतात. मंकचे फ्लरीसकट (फ्लरी म्हणजे जादा दोन ठोसे) चारही ठोसे बसले तर ३४. हे ऐकून फायटरवाल्याचं तोंडच उतरलं. मग मी त्याला आगीची तलवार दिली, दर वाराला जादा २डी६ (दोन डी६ फासे), आणि २२ चे थेट ३६ झाले. समतोल बिघडतो तो असा, खजिना वाटताना. मुठींना बांधायच्या +१ ते +३ जादुई पट्ट्या डीएमच्या पुस्तकात आहेत, त्या वेळेवर द्या. मला हे उशिरा सुचलं. मधले दोन महिने मंकवाला गप्प गप्प खेळत होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

मला खटकलं ते वेगळंच. तलवार आणि मूठ, दोन्हींची पोच ५ फूट! उगारलेल्या पात्यापुढे रिकाम्या हातांनी घुसायला नियमांत काही धोकाच नाही. म्हणून मी घरचा नियम केला: निःशस्त्र माणूस मारायला आला की शस्त्रवाल्याला एक फुकट वार. सलग दोन सेशन मंक सगळ्यात आधी आडवा झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत असाच नियम होता, पण मुठीने लढायला शिकलेल्याला त्यातून सूट होती आणि मंकला ती पहिल्या लेव्हलपासून मिळायची. नेमकी तीच मी विसरलो होतो.

आता फुकट वार फक्त न शिकलेल्या हातांवर. त्याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. ग्रॅपलमध्ये, म्हणजे पकडीत, सापडलेल्याला, पकडणारा सोडून इतरांवर वार करताना डिसॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा) असतो, हे पुस्तकातच आहे. आमच्याकडे दोन हातांचं शस्त्र असेल तर पकडणाऱ्यावरही तो लागतो. मिठीत सापडल्यावर एवढं लांब पातं फिरवणार कुठे?

गेल्या महिन्यात अरुंद जिन्यावर एका ऑगरने (धिप्पाड राक्षसाने) फायटरला कवटाळलं. फायटरचे ११ हिट पॉइंट (शून्य झाले की आडवा) उरलेले. मंक खालच्या वळणावर अडकलेला. फायटरवाला थोडा वेळ फाशांकडे बघत बसला, मग म्हणाला, "तलवार टाकतो. कट्यार काढतो." डी४ चा तो इवलासा फासा, दोन वार: ३ आणि ४. +४ धरून ७ आणि ८. ऑगरचे १४ उरले होते.

सगळ्यात मोठ्याने ओरडला तो मंकवाला.