कंपवात: गोळ्या, पंप, मेंदूतली तार की ध्वनिलहरी? कोकणात राहून ठरवताना

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, गोळी पहिली काही वर्षं इमानेइतबारे काम करते. माणूस बाजारात जाऊन येतो, स्वतःची आंघोळ स्वतः करतो, नारळही सोलतो. पाच-सात वर्षांनी तीच गोळी अडीच-तीन तासांतच उतरायला लागते. उतरली की पाय जमिनीला खिळतात. चढली की कधी मान-खांदे आपसूक वळवळत राहतात. आणि नेमका तेव्हाच मुंबईहून मुलाचा फोन येतो, "बाबांचं ऑपरेशन करून टाकूया का? आता न कापतासुद्धा होतं म्हणे."

त्या फोनच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यानं उपचार किती नवा आहे हे नंतर बघावं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याची देखभाल कोण करणार आणि कुठून करणार, हे आधी बघावं.

आधी निदान पक्कं आहे का?

कंपवात नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही आणि साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान आजही मुख्यतः मेंदूविकारतज्ज्ञाच्या तपासणीवर होतं. हालचाली मंदावल्या आहेत का, त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा हात स्वस्थ असतानाची थरथर आहे का, आणि लेवोडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाच्या, गोळीनं स्पष्ट फरक पडतो का, हे तो बघतो.

कुठल्याही महागड्या स्कॅनच्या आधी घरातली औषधांची अख्खी पिशवी डॉक्टरांपुढे ओता. चक्करेसाठी दिलेली सिनारिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या काही गोळ्यांत मिसळलेलं लेवोसल्पिराइड या औषधांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. आपल्याकडे चक्करेची गोळी एकदा सुरू झाली की चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणली जाते, हे प्रत्येकानं पाहिलं आहे. औषध कारण असेल तर ते बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, लक्षणं ओसरतात. मात्र बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

शंका उरलीच तर ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट स्कॅन उपयोगी पडतो. हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी झाल्या आहेत का, हे त्यात दिसतं. नुसता हात कापण्याचा जो वेगळा आजार असतो त्यात आणि औषधांमुळे आलेल्या लक्षणांत हा स्कॅन सहसा नॉर्मल येतो. पण कंपवात आणि त्याचे अधिक वेगानं वाढणारे भाऊबंद यांच्यातला फरक तो सांगत नाही.

त्याहून नवी चाचणी आहे ती पाठीच्या मणक्यातल्या पाण्यातलं अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं बिघडलेलं प्रथिन पकडण्याची. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कंपवात असलेल्या सुमारे ८८ टक्के लोकांत ती बरोबर आली. संशोधनासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तुमचा उपचार मात्र आज तिच्यामुळे बदलत नाही. लक्षणं ठळक आहेत आणि गोळी लागू पडते आहे अशा घरानं ते पैसे मेंदूविकारतज्ज्ञाच्या पुढच्या फेऱ्यांसाठी ठेवावेत असं मला वाटतं.

गोळ्यांमध्येच अजून वाव आहे का?

ऑपरेशनच्या चर्चेला आलेल्या बऱ्याच घरांत गोळ्यांचं वेळापत्रकच नीट बसलेलं नसतं. लेवोडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते ती ज्या वाटेनं, त्याच वाटेनं मासे, अंडी, डाळी यांतल्या प्रथिनांचे घटकही जातात. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून लगेच गोळी घेतली तर ती चढतच नाही, आणि घरचे म्हणतात औषधाचा असर गेला. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. मासे सोडायचे नाहीत, वजन उतरणं या आजारात वाईट. फार चढउतार होत असतील तर माशाचं जेवण दुपारऐवजी रात्री ठेवून बघावं. बद्धकोष्ठ असेल तर त्यावरही उपाय करावा, कारण पोट साफ नसलं की गोळी उशिरा लागते.

यानंतर डॉक्टरांकडे आणखी औषधं असतात. रसाजिलिन किंवा साफिनामाइड जोडून, किंवा लेवोडोपाचा असर लांबवणारं एन्टाकापोन वा ओपिकापोन देऊन, दिवसातले बंद पडलेले तास, म्हणजे गोळी उतरून हालचाल खुंटलेले तास, कमी करता येतात.

खाजकुयलीबद्दल बोलायलाच हवं. आपल्या रानात ती आहे, तिच्या बियांत खरोखरच लेवोडोपा असते आणि आयुर्वेदात तिचा वापर जुना आहे. अडचण अशी की घरी कुटलेल्या चूर्णात किती मात्रा आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. लेवोडोपाच्या सिंडोपासारख्या गोळीच्या जोडीला ते गुपचूप घेतलं की मात्रा भलतीच वाढते, अंग वळवळतं, भास होतात, आणि डॉक्टर मात्र गोळीचा हिशेब करत बसतात. घ्यायचंच असेल तर त्यांना सांगून घ्या.

पुढचा उपचार शोधायची वेळ आली का, हे ओळखायला तज्ज्ञ पाच-दोन-एक असा आडाखा वापरतात: दिवसाला लेवोडोपा पाच किंवा अधिक वेळा, गोळी उतरलेले दोन किंवा अधिक तास, त्रासदायक वळवळ एक तास किंवा अधिक. यातलं एक जरी लागू झालं तरी पुढची चर्चा सुरू करावी.

मेंदूतली तार

१९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं आलिम-लुई बेनाबिद यांना आढळलं की मेंदूच्या खोल भागात वेगवान विद्युतस्पंद दिले की थरथर थांबते. तिथून डीबीएस आलं, म्हणजे मेंदूत दोन बारीक तारा आणि गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली बॅटरी. अमेरिकेत कंपवातासाठी त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २०१३ मध्ये २५१ रुग्णांवरच्या युरोपातल्या अभ्यासानं दाखवलं की चढउतार नुकते सुरू झालेल्या, सरासरी ५२ वर्षांच्या रुग्णांतही नुसत्या औषधांपेक्षा आयुष्याची प्रत यानं जास्त सुधारते.

चारही पर्यायांत सगळ्यात जास्त देणारा हाच, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंची लक्षणं सुधारतात, गोळ्या बऱ्याच कमी होतात, आणि आजार वाढला की यंत्राची मात्रा बदलता येते. पण गोळी चढलेली असताना जे सुधारत नाही, ते तारेनंही सुधारत नाही. अपवाद फक्त थरथर आणि वळवळ यांचा. गोळी चढलेली असतानाही तोल जातो, वाचा अडखळते, विसरायला होतं, अशा माणसाला ऑपरेशननंतर निराशाच पदरी येते. म्हणून आधी गोळी देऊन किती सुधारणा होते ते मोजतात, साधारण तीस टक्के किंवा अधिक असावी लागते. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एक-दोन जणांना, जंतुसंसर्गाचा त्याहून थोडा जास्त.

आता आपल्या भागाचा विचार. ऑपरेशन मुंबई-पुण्यात एकदाच होतं, पण यंत्र जुळवून घ्यायला पहिल्या सहा महिन्यांत अनेक फेऱ्या लागतात. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, संथ वेळापत्रकावर चालते आणि घाटात दरडी येतात. बंद पडलेल्या तासांत सापडलेल्या माणसाला तसा प्रवास करायला लावणं म्हणजे छळ. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरवा, म्हणजे जुळवाजुळवीचे महिने कोरड्या दिवसांत येतात. काही यंत्रांची मात्रा डॉक्टर इंटरनेटवरून दूर बसून बदलू शकतात. ती सोय भारतात, त्या रुग्णालयात, त्या मॉडेलला आहे का, हे बसवण्याआधी विचारा.

साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, त्यासाठी छोटं ऑपरेशन असतं. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण ती नियमानं चार्ज करावी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. चार्ज होणारी घेणार असाल तर घरात इन्व्हर्टर हवाच, आणि नेहमीच्या गोळ्यांचा जादा साठाही हवा, कारण बॅटरी अचानक संपली की लक्षणं एकदम उसळतात.

आणखी दोन गोष्टी कोकणात विशेष जपाव्या लागतात. गावातल्या फिजिओथेरपीत डायथर्मी नावाचा विजेचा शेक देतात, तो तार बसवलेल्या माणसाला कधीही द्यायचा नाही. त्यातून तारेच्या टोकाला मेंदूला इजा होऊ शकते. दुसरी गोष्ट पाण्याची. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद केली. सगळे चांगले पोहणारे, ऑपरेशननंतर चालणं सुधारलेलं, पण पोहणं मात्र हरवलेलं. होडीवर जाणाऱ्या, खाडीत उतरणाऱ्या माणसाला हे आधी सांगाच, आणि ऑपरेशननंतर एकट्यानं पाण्यात जाऊ देऊ नका.

खर्च यंत्रासकट साधारण दहा लाखांच्या आगेमागे, चार्ज होणारी बॅटरी घेतली तर आणखी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमची शस्त्रक्रिया आणि तुमचं रुग्णालय त्यात बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या.

ध्वनिलहरी

डोकं पूर्ण भादरतात, १,०२४ ध्वनिस्रोत असलेलं शिरस्त्राण घालतात आणि एमआरआयच्या आत, रुग्ण जागा असताना, मेंदूतल्या एका बारीक ठिकाणी उष्णता देऊन तो भाग निकामी करतात. कापाकापी नाही, तार नाही, बॅटरी नाही. अमेरिकेत नुसत्या थरथरीच्या आजारासाठी २०१६, कंपवातातल्या थरथरीसाठी २०१८ आणि इतर हालचालींच्या त्रासासाठी २०२१ मध्ये परवानगी मिळाली. २०२३ मध्ये ९४ रुग्णांवरचा अभ्यास आला. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६९ टक्के सुधारले, तर ज्यांच्यावर उपचाराचं नुसतं नाटक केलं त्या गटात ३२ टक्के. सुधारलेल्यांपैकी ज्यांना वर्षानंतर पुन्हा तपासलं, त्यातल्या बहुतेकांचा फायदा टिकला होता.

लांब राहणाऱ्याला हा पर्याय का खुणावतो ते मला पुरतं कळतं. एकदा जाऊन यायचं, पुन्हा जुळवाजुळव नाही. एका हाताचीच थरथर जास्त आहे, ऑपरेशनची भीती आहे किंवा फेऱ्या शक्यच नाहीत, अशांसाठी तो खरोखर विचारात घेण्यासारखा आहे. पण मेंदूचा जाळलेला भाग परत येत नाही. बोलणं जड होणं, तोल बिघडणं, तोंड किंवा हात दुबळा पडणं असा परिणाम झाला आणि टिकला तर मात्रा कमी करायला काही उरत नाही. सहसा एकाच बाजूला करतात, दुसरी बाजू काही महिन्यांचं अंतर ठेवून करण्याची पद्धत अजून नवी आहे. कवटीच्या हाडाची घनता जुळली नाही तर उपचार होतच नाही, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. देशात हे यंत्र अजून मोजक्याच ठिकाणी आहे. पन्नाशीतल्या, दोन्ही बाजूंना आजार असलेल्या माणसासाठी मी हा रस्ता धरणार नाही.

पंप

अपोमॉर्फिन हे औषध पोटाच्या कातडीखालच्या सुईतून दिवसभर थोडंथोडं सोडतात. रोज सकाळी लावायचं, रात्री काढायचं. २०१८ मधल्या १०७ जणांवरच्या अभ्यासात बंद पडलेले तास दिवसाला सुमारे अडीच तासांनी घटले, खोट्या औषधानं अर्ध्या तासाच्या आसपास. वय झालंय, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही, अशांसाठी हा चांगला मधला मार्ग. नाही पटला तर काढून ठेवता येतो. मळमळ होते, रक्तदाब उतरतो, कातडीखाली गाठी येतात, आणि औषधाचा खर्च दरमहा चालूच राहतो.

इथं खरा प्रश्न हाताचा आहे. घरात दोघंच म्हातारी माणसं, मुलं चाकरमानी. रोज सकाळी औषध भरून सुई कोण लावणार? सून किंवा शेजारची नर्स असेल तर पंप जमतो, नसेल तर नाही. लेवोडोपाच कातडीखालून देणारा नवा पंप अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाला आहे, पण हा प्रश्न त्यानंही सुटत नाही.

मी कोणाला काय सांगेन

सत्तरीच्या आत आहात, गोळी चढते तेव्हा माणूस अगदी ठीक असतो, स्मृती शाबूत आहे आणि कोणीतरी फेऱ्या करू शकतं: तारेचा विचार आत्ता करा. पडायला लागेपर्यंत थांबलेल्यांची संधी निघून जाते, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण थांबण्याचं कारण बहुतेकदा फक्त भीती असते. स्मृती कमी झाली असेल, भास होत असतील, तर तार नको. गोळ्यांची घडी नीट बसवणं, व्यायाम आणि गिळण्या-बोलण्याचे सराव यांतच खरा फायदा आहे.

मुंबईत २००१ पासून कंपवातग्रस्तांसाठी काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तार बसवून चार वर्षं झालेल्या माणसाशी त्यांच्यामार्फत बोला. डॉक्टरांना न सुचलेले प्रश्न तो माणूस सांगतो.

ही चर्चा गणपतीत करा, सगळी भावंडं घरी असताना आणि ज्याला आजार आहे त्याला मध्ये बसवून. मग तज्ज्ञाची वेळ घ्या. जाण्याआधी तीन दिवस एका वहीत गोळीची वेळ, ती चढल्याची आणि उतरल्याची वेळ, वळवळ कधी झाली, हे लिहून ठेवा. सकाळच्या पहिल्या गोळीआधीचा आणि ती घेतल्यावर तासाभरानंतरचा असे चालण्याचे दोन व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. तपासणीच्या खोलीत माणूस नेमका गोळी चढलेल्या अवस्थेत पोचतो आणि घरातला सकाळचा तास डॉक्टरांना कधी दिसतच नाही.