उन्हाळी ‘संशोधन इंटर्नशिप’च्या नावाखाली आमच्या मुलीची फसवणूक

अकरावीची परीक्षा संपत आली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिराती सुरू होतात: सहा आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप, शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन, स्वतःच्या नावाने शोधनिबंध. पुण्यातल्या अशाच एका कंपनीने आमच्या मुलीला फसवलं. परदेशी कॉलेजच्या अर्जात संशोधन दाखवावंच लागतं, ही भीती घालून हा धंदा चालतो.

निवड परीक्षा मोफत होती. लगेच अभिनंदनाचा मेल आला आणि सोबत अट: ४८ तासांत ३८,००० रुपये भरा, नाहीतर जागा जाईल. पैसे एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर घेतले, पावती मागूनही दिली नाही. जाहिरातीत पाषाणच्या एका राष्ट्रीय संस्थेच्या इमारतीचा फोटो होता. संस्थेत चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

विषय होता मुळा-मुठेच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन. मुलीने हा ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत वाचून काढली, नमुन्यांसाठी बाटल्या जमवल्या. प्रयोगशाळेचा दिवस मात्र पुढेपुढे ढकलला गेला आणि शेवटी आली तयार आकड्यांची एक्सेल फाइल. सगळ्या ठिकाणी, सगळ्या वेळी लिटरला १४ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन! तिलाच ते खटकलं. ३० अंश तापमानाला पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास थांबतो. शेवाळ दाट असेल तर भर दुपारी आकडा चढतो, पण ऑक्सिजन कमी करणारं सांडपाणी मिसळलेल्या नदीत सरसकट १४? तिने विचारलं, तर मार्गदर्शक म्हणाला, ‘एवढं कोणी बघत नाही.’ सतरा वर्षांच्या, मनापासून प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हे उत्तर मिळालं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मग प्रकाशनासाठी आणखी ६,५०० मागितले. निबंध तीन दिवसांत ‘स्वीकारला’ गेला. त्याच नियतकालिकात दुसऱ्या शहरांतल्या मुलांच्या नावाने तेच परिच्छेद, तेच आकडे सापडले. फक्त नदीचं नाव बदललेलं. ‘आमच्याकडे आयएसएसएन आहे’ असं ते वारंवार सांगत होते. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक. आतला मजकूर कोणी तपासला, याची तो काहीही हमी देत नाही.

मुलांना खरंच विज्ञान करायचं असेल तर इस्रोचा ‘युविका’ हा विज्ञान उपक्रम २०१९पासून नववीच्या मुलांसाठी आहे. प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. पुण्यात आयुका ही खगोलविज्ञान संस्था शाळांमार्फत मुलांना उन्हाळ्यात शास्त्रज्ञांसोबत काम करायला बोलावते. अकरावीसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिबिरं होतात. कुठल्याही कंपनीने संस्थेचं नाव घेतलं, तर त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या क्रमांकावर आधी फोन करा. नमुने कोण घेणार, उपकरण कुठलं, मोजमाप मुलं स्वतः करणार का, हेही विचारा.

मुलीने निबंधावरून आपलं नाव काढायला सांगितलं, तर त्यासाठीही त्यांनी पैसे मागितले. आम्ही दिले नाहीत. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमचेही पैसे गेले असतील तर चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की रक्कम दुसऱ्या खात्यात वळवलेली असते.