नान्नजजवळची पक्षीफेरी: माळढोकच पाहिजे असेल तर राहू द्या

सोलापुरातनं बार्शी रोडला वीसेक किलोमीटरवर नान्नज, तिथल्या शेतांतनं सकाळची पक्षीफेरी काढतात, ओळखीतले बरेच जण विचारायलेत म्हणून लिहितो. आधीच सांगतो, माळढोक दिसणार नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, पण आता अख्ख्या देशातच दीडशेच्या आत उरलेत म्हणतात, त्यामुळं कुणी नक्की दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. आमच्या गाईडनं गाडीतनं उतरायच्या आधीच हे स्पष्ट सांगून टाकलं, तिथंच माणूस आवडला.

फेरी अभयारण्यात नाही, बाहेरनं, बांधाबांधानं आणि पाणंदीनं. गाईड स्वतः शेतकरी, त्यामुळं कुणाच्या हरभऱ्यात पाय पडला की लगेच ओरडतो. आणि चालणं एकदम सावकाश, मला आधी वैताग आला होता, पण धाविक दिसायचा तर असंच चालावं लागतं. ढेकळांच्या रंगाचा पक्षी, चार पावलं पळतो, थांबतो, थांबला की गायबच. दुर्बिणीतनं सापडला तेव्हा छातीचा तांबूस रंग काय दिसला राव!

डिसेंबरात गेलात तर भोवत्या बघाच. परदेशातनं येणारी शिकारी पाखरं, ज्वारीच्या अगदी जवळनं, जरा वरनं तरंगत जातात, नर राखाडी, मादी तपकिरी, आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात, हे मला माहीतच नव्हतं. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत उभी राहते तेपण दिसलं. डोंबारी चंडोल वर चढून शीळ घालत खाली सूर मारतो, ते बघत मान दुखली. वेडे राघू, खाटीक, कोतवाल तर तारेवर भरपूर. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला तेव्हा आम्ही वा वा करत होतो आणि शेजारच्या रानात मालक गोफण फिरवत शिव्या घालत होता, त्याचंही बरोबरच की, पण हीच पाखरं नाकतोडेपण खातात.

आता खटकलेलं. माणसं फार घेतात, मागच्यांना गाईडचं काही ऐकू येत नाही. एकजण मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवत होता, त्याला पहिल्यांदाच थांबवायला पाहिजे होतं. दुर्बिणी कमी, स्वतःची असेल तर न्या. बायकांसाठी वाटेत सोय काहीच नाही, हे बुकिंग करतानाच सांगायला हवं.

शेवटी हुरडा आणि शेंगा चटणी, पैसे वेगळे, पण नुसत्या हुरडा पार्टीला जेवढे घालवता त्यापेक्षा हे परवडतं. सॉक्स लांब घाला, कुसळं घुसतात. पाऊस होऊन गेला असेल तर तारीख पुढं ढकला, काळी माती बुटाला अशी धरते की चालवत नाही.