सांगलीत बसून केलेला ऑनलाइन असेसमेंट कोर्स : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोर्स संपला त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. बरं झालं थांबले.

मी विश्रामबागला समुपदेशन करते. शाळा मुलं पाठवतात, सोबत चिठ्ठी : ‘अभ्यासात मागे, कृपया तपासणे.’ आधी मी अशी मुलं पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवायचे. निम्मी पोचायचीच नाहीत. म्हणून सायकोएज्युकेशनल असेसमेंटचा, म्हणजे मूल अभ्यासात का अडतं हे चाचण्या घेऊन तपासण्याचा, हा ऑनलाइन कोर्स घेतला. २४ आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी ७ ते ९, फी ३२,००० रुपये. पुढे तक्रारी आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते रिपोर्ट लिहिण्यात. माझा पहिला रिपोर्ट तीनदा परत आला. मी लिहिलं होतं, ‘बुद्ध्यंक ९२, सरासरी.’ मार्गदर्शक बाईंनी समासात विचारलं, ‘९२च कशावरून? कालच घेतली असती तर?’ प्रत्येक चाचणीत मोजमापाची चूक धरलेली असते, त्यामुळे एक आकडा नव्हे तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा सांगायचा, हे एम.ए.ला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते पालकांना कसं सांगायचं ते इथे कळलं. जुन्या नॉर्म्सचंही, म्हणजे मुलाचे गुण ज्या तक्त्याशी ताडून बघतो त्याचंही, तसंच. आपल्याकडे अजून चालणारी मलीन यांची मिसिक ही मुलांची बुद्धिमत्ता चाचणी १९६९ची. पिढ्यान्‌पिढ्या चाचण्यांवरचे गुण वाढत जातात, त्यामुळे जुन्या तक्त्यावर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. बुद्धीनेच थोडं मंद असलेलं मूल त्या फुगवट्यात ‘सरासरी’ ठरतं आणि मग वाचन मागे दिसलं की आपण अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन अडतं) शिक्का उचलतो. हे एक व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकलंय. रेकॉर्डिंग वर्षभर मिळतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेट आलटून पालटून रुसतात तेव्हा त्याचाच आधार.

प्रत्यक्ष चाचणी घेणं मात्र झूमवर शिकता येत नाही. बुद्धिमत्ता चाचणीतल्या ठोकळ्यांच्या भागाचा सराव आम्ही एकमेकींवर केला. बंगळुरूची सहकारी लहान मुलगा झाली, मी परीक्षक. ती शहाण्यासारखी बसून राहिली. पहिल्या खऱ्या मुलाने दुसऱ्या मिनिटाला ठोकळे घेऊन टेबलाखाली गाडी चालवली. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन्सिल, मॅन्युअल मांडीवर, आणि सूचना शब्दशः म्हणायच्या. हा हात बसायला मला कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ मॅडमच्या शेजारी चार शनिवार बसावं लागलं. चाचणीचं किटही त्यांचंच वापरलं. किटचा खर्च फीत धरलेला नाही, हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत होतं.

आता माझी खरी तक्रार. कोर्स इंग्रजीत आहे याबद्दल काही म्हणणं नाही, पण त्यातलं मूलही इंग्रजीत वाचणारं होतं. चुकांचं विश्लेषण शिकवलं ते बी आणि डीच्या गोंधळावर. माझ्याकडे येणारी मुलं घ आणि ध, भ आणि म यांत अडकतात, जोडाक्षर फोडून वाचतात, वेलांटी विसरतात. त्यातली अक्षमता कोणती आणि बोली कोणती, हे कोण सांगणार? आमच्याकडचं पोर ‘पानी’ लिहितं, कारण घरी सगळे पानीच पितात. ‘लिवतो’ लिहिलेलं पोर कानाने अगदी बरोबर ऐकतंय. अशा सात-आठ ‘चुका’ बाजूला काढल्या की काही मुलांच्या वहीत काळजी करण्यासारखं फारसं उरत नाही.

अंकांचंही तेच. पंचवीस म्हणताना आधी पाच येतो, मग वीस, म्हणून मूल ५२ लिहितं. २०१९ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ आणलं तेव्हा मीही चहा पिताना हसले होते. आता हसत नाही. मराठीतली वाचनचाचणी वापरायची तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली डाली आहे, तिच्यात मराठी आहे. कोर्समध्ये तिला एक स्लाइड मिळाली.

कोर्सच्या प्रमाणपत्राबद्दल बरेच जण विचारतात. त्याच्या जोरावर दिव्यांगत्वाचा दाखला देता येत नाही, तो ठरवून दिलेल्या सरकारी वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, पण दाखला आठ वर्षांच्या आधी नाही. पालक उगवतात ते दहावीच्या डिसेंबरात, ‘मॅडम, पोरगं हुशार हाय, पण लिवायला बसलं की घाम फुटतोय.’ अध्ययन अक्षमता तपासायच्या, बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या बॅटरीचा (चाचण्यांच्या संचाचा) वरचा स्तरही आठ ते बारा वर्षांचा, समोर बसलेला सोळाचा आणि मिसरूड फुटलेला.

नऊ महिन्यांत मी २३ असेसमेंट केल्या. तुमच्याकडे एखादी चाचणी आधीच हातात बसली असेल, तर हा कोर्स घ्या. नवख्यांनी आधी कुणाच्या तरी शेजारी बसावं. दोन्ही एकदम करायला निघालात तर माझ्यासारखा पहिला रिपोर्ट तीनदा पुन्हा लिहावा लागेल.

एक केस मात्र कोर्सने दिलेल्या रिपोर्टच्या कुठल्याच साच्यात बसली नाही. चौथीतला मुलगा, वाचन पहिलीचं, आईवडील ऊसतोडीला बीडकडून आलेले. साच्यात ‘शालेय इतिहास’ म्हणून एकच ओळ आहे. आईला घेऊन मी दिवस मोजायला बसले. दिवाळीनंतर इकडे, पाडव्याच्या सुमाराला परत, मधे फडावर शाळा जमेल तशी. तीन वर्षांचं शिक्षण सव्वा-दीड वर्षावर आलं. शिकायलाच न मिळालेल्या मुलाला अक्षम म्हणता येत नाही. हे वाक्य कोर्समध्ये ऐकलं होतं, पण ते ऐकताना माझ्यासमोर कुणी बसलेलं नव्हतं. ‘सध्या निदान नाही, सहा महिने नियमित शिकवून पुन्हा तपासणी,’ असं लिहून मी वाचून दाखवलं.

आई म्हणाली, ‘सहा महिन्यानं आम्ही कुठं आसू, बाई?’

मग रिपोर्टची दुसरी प्रत काढली, सोप्या मराठीत, त्यांच्या गावच्या मुख्याध्यापकांच्या नावे. ती तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाशेजारी ठेवली.