कारचं लायसन्स: ड्रायव्हिंग स्कूलमार्फत की स्वतः?

भाचीला १८ वर्षं पूर्ण झाली आणि तिचा प्रश्न आला: लायसन्स स्वतः काढू, की स्कूलवाल्यांकडे सोपवू?

पैशांचा फरक मोठा. 'सारथी' या सरकारी लायसन्स पोर्टलवर कारसाठी केंद्राचं शुल्क ठरलेलं आहे: शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पुढे वाहनचाचणीचे ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. स्कूल त्यावर आपली फी लावतं, म्हणून सरकारी शुल्काची पावती वेगळी मागावी.

कटकट वाटते तेवढी नाही. आधार असेल तर महाराष्ट्रात २०२१पासून शिकाऊ परीक्षा घरबसल्या देता येते. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला, शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर आणि ६ महिन्यांच्या आत, दोन्हीकडे स्वतःच हजर राहावं लागतं.

खरा मुद्दा शिकण्याचा. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या गाडीत शेजारी लायसन्सधारक बसवणं बंधनकारक असलं, तरी त्याच्या हाती फक्त हँडब्रेक. इथे पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही.

घरात गाडी, संयमी शिकवणारा आणि जवळपास मोकळं मैदान असेल, तर सगळं स्वतः जमतं. पहिल्यांदाच स्टिअरिंग धरणाऱ्याने मात्र शिकायला स्कूल लावावं. अर्ज तरीही स्वतःच भरावा.