मूडसाठी फिल्टर: आधी चित्राला की आधी आवाजाला?

स्टुडंट फिल्मचं एडिट लॉक झालं, म्हणजे शॉट्सचा क्रम आणि लांबी पक्की झाली, की जमा करायला जेमतेम दोन-तीन रात्री उरतात. त्या रंगांवर घालवायच्या की आवाजावर? माझा कौल आवाजाला आहे.

चित्राच्या फिल्टरचा मोह पडतो, कारण बदल तिथल्या तिथे दिसतो. सावल्यांमध्ये थोडा निळा-हिरवा मिसळला की ओळखीची खोलीही परकी वाटते. पण डोळे पटकन सरावतात. सगळी फिल्म निळी असेल तर थोड्या वेळाने तो निळा जाणवतच नाही. शिवाय मोबाईलवरचं बरंचसं फुटेज ८ बिटचं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या (१० बिटमध्ये १,०२४ असतात). ते फार ताणलं की आकाशात आणि कोऱ्या भिंतीवर पट्टे उमटतात. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा साधतो तो रंगांचा मेळ) ऑटोवर राहिला असेल तर शॉटागणिक रंग वेगळा, मग एकच लट (LUT, रंग बदलायचा तयार साचा) सगळ्यांना कशी बसणार?

आवाजाचा फिल्टर गुपचूप काम करतो. नवरा-बायकोच्या भांडणावर लो-पास (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा फिल्टर) लावा आणि साधारण ५०० हर्ट्झच्या वरचं कापा. शब्द विरघळतात, सूर तेवढा उरतो आणि भिंतीपलीकडे जागं असलेलं मूल न दाखवताही प्रेक्षक त्याच्याजवळ जाऊन बसतो. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला तर तोच आवाज टेलिफोनवरचा होतो. मला सगळ्यात जास्त आवडतो तो सरकता फिल्टर: वाईट बातमी कानावर पडत असताना दहा सेकंदांत वरचे स्वर हळूहळू मिटत न्यायचे. माणूस आतून बधिर होत जातो ते ऐकू येतं, चेहऱ्यावर काहीच हललं नाही तरी.

इथेही फसगत होते. घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या संवादावर आणखी रिव्हर्ब (कृत्रिम घुमणं) चढवला तर शब्द चिखलात जातात. घुमणं वाढवता सहज येतं, काढणं फार अवघड. आणि भीतीसाठी घातलेला खर्ज मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर गायब होतो, म्हणून हेडफोन आणि मोबाईल दोन्हींवर ऐका.

काळ बदलला, आठवण सुरू झाली, स्वप्न तुटलं, हे एका नजरेत कळायला हवं असेल तेव्हा मात्र रंगच घ्या. लेन्सवर लावायचा डिफ्यूजन फिल्टर ही वेगळी गोष्ट: दिव्याभोवती सुंदर धूसर वलय येतं, पण रेकॉर्ड झालेलं ते वलय नंतर पुसता येत नाही. खात्री नसेल तर तो फिल्टर काढून शूट करा.

शूट अजून व्हायचं असेल तर व्हाइट बॅलन्स लॉक करा आणि प्रत्येक जागेची ३० सेकंदांची शांतता (कुणी न बोलता तिथला नुसता आवाज) रेकॉर्ड करून आणा. झालं असेल तर आज रात्री स्क्रीन झाकून फिल्म फक्त ऐका. जिथे मन उडेल, तिथून काम सुरू करा.